हद्दीबाहेरची शीळ

गेल्या महिन्यात ठाण्याच्या वाचनालयात एका विद्वान गृहस्थांचे 'फुरसतीच्या वेळेचा सदुपयोग' या विषयावर व्याख्यान झाले. फुरसत मिळाली असता माणसाने काही शिकावे, काही मिळवावे, निदान काही सुधारावे, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या करमणुकीतून काही निष्पन्न होत नाही ती आयुष्याची गळती होय, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उठून घरी आलो.

मी करमणुकीचा माणूस नाही. पत्ते, सोंगट्या, गाणे यांपैकी कशाची मला आवड नाही. परंतु त्या व्याख्यात्यांनी केळशीकर तात्यांना पाहिले नव्हते आणि मी पाहिले होते. हे लिहिण्यास एवढेच कारण आहे.

तात्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीत माझी बैठक त्यांच्या शेजारी, आणि बिऱ्हाडही मासुंदा तलावामागच्या आळीत त्यांच्या शेजारीच. उंच, कोरडा, ताठ माणूस. अक्षर वळणदार, संध्या वेळेवर, जिभेवर वावगा शब्द नाही. आणि हा माणूस शीळ घालीत असे.

आज यात कोणास विशेष वाटणार नाही. त्या काळी शीळ घालावी ती गाडीवानाने, गुराख्याने, नाही तर उनाडाने. पागोटे घातलेल्या, कुटुंबवत्सल, सरकारी नोकरीतल्या ब्राह्मणाने भर रस्त्याने शीळ घालीत जाणे म्हणजे धोतर डोक्याला गुंडाळून जाण्यासारखे होते. तात्या जात. सकाळी तलावाला फेरी घालताना जात, कचेरीतून परतताना जात. रविवारी मिठागरांच्या बांधावर जाऊन बसत आणि तिथल्या पाखरांशी त्यांचे काही तरी चाले. घरी येताना हातात भाजी नसे, फूल नसे. "काय आणलेत?" असे कोणी विचारले तर म्हणत, "काही नाही. म्हणून तर हलका आलो."

या एका गोष्टीसाठी त्यांनी जे नियम पाळले ते मी व्रतस्थाकडेही पाहिले नाहीत. पान खात नसत. ओठ जाड होतात म्हणत. सुपारी कधी फोडली नाही. मिशी ओठाला लागणार नाही अशी कातरून घेत. मिठाने आणि बाभळीच्या काडीने दात घासणे इतका वेळ चाले की वहिनी, म्हणजे त्यांचे कुटुंब, विहिरीवरून ओरडत, "दात आहेत की देवाची भांडी?" तात्या चूळ भरून सांगत, "भांडी फुटली तर नवी मिळतात."

त्यांच्या घरात प्रत्येकाची शीळ ठरलेली होती. नवऱ्याने बायकोचे नाव घेऊ नये हा तेव्हाचा रिवाज. इतर लोक "अहो, ऐकले का" म्हणत. तात्यांनी वहिनींसाठी चार सुरांची एक उतरती शीळ बसवली होती. ती वाजली की वहिनी कपाळाला आठी घालून बाहेर येत. परंतु येत. गाईची वेगळी. मुलीची वेगळी.

मुलगी एकच, यमू. तिची शीळ वर चढत जाऊन शेवटी अधांतरी थांबे, जणू कोणी प्रश्न विचारून वाट पाहत आहे. रोज सकाळी त्या शिळेने ती उठे. मी भिंतीपलीकडे संध्येला बसलेला असे. माझे आचमन त्या शिळेवर होई, हे मी येथे नमूद करतो. त्याहून अधिक काही म्हणत नाही.

एकदा आळीतले लोक शास्त्रीबुवांना पुढे घालून तात्यांच्या ओसरीवर आले. शास्त्रीबुवांनी घसा साफ केला.

"तात्या, दिवेलागणीला शीळ घातली की घरात साप येतो."

"आला तर ऐकायला येईल. समजवायला तर नाही ना येणार?"

"लक्ष्मी निघून जाते."

"आमच्याकडे ती आली केव्हा ते सांगा, म्हणजे गेल्याचा शोक करीन."

"अहो, पण त्या शिळेचा उपयोग काय?"

 तात्या म्हणाले, "शास्त्रीबुवा, दिवसभर मी जे करतो त्या सगळ्याचा उपयोग आहे. कचेरीला आहे, सरकारला आहे, घराला आहे. एक गोष्ट मी बिनउपयोगाची ठेवली आहे. तेवढी माझी आहे. ती मागू नका."

लोक गेले. जाताना एकजण म्हणाला, "पैसे देऊन शिकला असता तर हिला विद्या म्हणालो असतो." तात्यांनी ते ऐकले आणि मान डोलावली, कारण ते खरे होते.

त्या वर्षी आमचा जो साहेब होता त्यालाही शिळेची सवय होती. मुसक्या आवळलेला आरोपी समोर उभा असला तरी साहेब कागद चाळताना ओठांतल्या ओठांत शीळ घाली. त्याबद्दल शास्त्रीबुवा काही बोलले नाहीत. तात्या म्हणत, "साहेबाची ती लहर. आमची ती लाज."

साहेबाच्या कानावर तात्यांची गोष्ट गेली. त्याच्या बंगल्यावर पाहुणे यायचे होते. त्याने तात्यांना बोलावून सांगितले की संध्याकाळी व्हरांड्यात उभे राहून मडमांना पाखरांचे आवाज काढून दाखवावेत. बोलणे गोडीचे होते. चिटणिसाची जागा रिकामी होती, ही गोष्ट त्याने तोंडाने सांगितली नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती. तात्या म्हणाले, "साहेब, हुकूम झाला तर रात्रभर बसून खर्डे लिहीन. शीळ हुकमाने निघत नाही. निघाली तर ती शीळ नव्हे, काम होईल."

चिटणिसाची जागा दुसऱ्यास मिळाली. त्या संध्याकाळी तात्या तलावाला नेहमीपेक्षा एक फेरी जास्त घालून आले.

येथपर्यंत ही एका हट्टी माणसाची गोष्ट आहे. पुढे ती तशी राहिली नाही, कारण यमूचे लग्न आले.

स्थळ कल्याणचे. घराणे वजनदार, खाडीकाठी घर, मागच्या दाराला थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मुलाचे वडील, त्यांना सारे कल्याण दादासाहेब म्हणे, सचोटीचे, परंतु शिस्तीपुढे काही न पाहणारे. पत्रिका अशी जुळली होती की जोशीबुवाही थक्क झाले. वाङ्निश्चयासाठी आम्ही कल्याणास गेलो. मी मध्यस्थ होतो.

सगळे विधी झाल्यावर दादासाहेबांनी पळी-पंचपात्री तात्यांच्या पुढे सरकवली.

"केळशीकर, एक राहिले आहे. शिळेवर उदक सोडा. आमच्या सुनेचा बाप शीळ घालतो असे आम्हांला ऐकायचे नाही."

ज्या वस्तूचा हक्क कायमचा सोडायचा तिच्या नावे हातातले पाणी ताम्हनात सोडायचे, हा आपला जुना प्रघात. सुटलेले पाणी परत घेता येत नाही.  आतल्या दाराशी वहिनींनी पदर तोंडाला लावलेला मी पाहिला. तात्यांनी पळीने उजव्या तळहातावर पाणी घेतले. भटजी मंत्र म्हणण्यास सरसावले. तात्यांनी हात ताम्हनावर नेला, क्षणभर धरला, आणि पाणी पिऊन टाकले.

"ऊन फार आहे," ते म्हणाले. "तहान लागली होती."

सोयरीक तिथेच मोडली.  घरी आल्यावर वहिनी इतकेच म्हणाल्या, "पोरीला अकरावे वर्ष लागले आहे." त्या काळात या शब्दांचा अर्थ काय होता हे आज सांगावे लागते. मुलगी घरात राहिली तर आई-बापांना वाळीत टाकण्यास लोक टपलेले होते.

परंतु घडले उलटेच. पाणी पिण्याची गोष्ट कल्याणात घरोघर गेली. दादासाहेब बाजारातून निघाले की कोणी तरी हटकून विचारी, "दादासाहेब, ऊन फार आहे, पाणी घेता का?" मोडलेल्या सोयरिकीपेक्षा ते हसू त्यांना जड झाले. त्यांनी मला बोलावणे पाठवले. मी चार खेपा घातल्या. शेवटी असे ठरले की तात्यांनी कल्याणच्या हद्दीत शीळ घालू नये. पाण्याशिवाय, नुसत्या शब्दावर. तात्यांनी शब्द दिला. लग्न झाले. आहेर, मानपान, पंगती यथास्थित पार पडल्या आणि तात्यांच्या ओठांतून हवासुद्धा आवाज करीत बाहेर पडली नाही.

पहिल्या दिवाळसणाला मुलगी आणण्यास मी गेलो. दादासाहेबांनी मला गूळपाणी दिले आणि सांगितले, "कल्याणची हद्द त्यांनी पाळली. ठाण्याची आता मी पाळतो. ज्या घरात शीळ वाजते त्या घरी आमची सून पाठवणार नाही. ती थांबली की कळवा, त्याच दिवशी पाठवू."

मी परत येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. वहिनी चुलीपुढून उठल्या आणि माझ्यासमोर, परक्या पुरुषासमोर, नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची शीळ मोठी की माझी मुलगी?"

 तात्यांनी जे उत्तर दिले ते मी विसरलो नाही.

"आज मी वाकलो तर तिला काय कळेल? की या घरात मागितले म्हणजे द्यायचेच. माझ्याकडे निदान शीळ मागतात. तिच्याकडे काय काय मागतील याला हद्द नाही. एक माणूस नाही म्हणाला होता आणि तो आपला बाप होता, एवढे तरी तिच्याजवळ राहू दे."

"आणि मी?" वहिनींनी विचारले. "माझ्याजवळ काय राहू दे?"

 त्या दिवशी तात्यांनी शीळ घातली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते बंदरावर गेले.

ठाण्याच्या बंदरावरून मिठाचे मचवे भरतीबरोबर खाडीने वर कल्याणास जात. पोशा कोळ्याचा मचवा होता. तात्यांनी त्याला विचारले, "कल्याणच्या धक्क्याला न लागता, खाडीच्या मध्यावर थोडा वेळ थांबशील काय?"

"थांबीन की. पन कशापायी, तात्या?"

"शीळ घालायची आहे."

पोशाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले. "मिठाच्या गोनीवर बसावं लागंल. धोतार भिजंल."

"भिजू दे."

पुढचे मला पोशाने सांगितले. रविवारी निघताना तात्या पाहतात तो वहिनी लुगड्याचा काचा मारून बंदरावर उभ्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. हातात लाडवांची पुरचुंडी होती, जी कोणास द्यायची हे त्यांनाही ठाऊक नसावे. गोणीवर बसल्या त्या मुंब्र्याचा डोंगर गेला, दिवे गाव गेले, डोंबिवलीची झाडी गेली तरी पुरचुंडी हातातून सोडली नाही. कल्याणास दादासाहेबांचे घर दिसू लागले. पोशाने शीड उतरवले. तात्यांनी ओठ आवळले, पण काहीच निघेना. त्यांनी ओठ पुसले, पुन्हा आवळले.

"घाला की आता," वहिनी म्हणाल्या. "इतक्या दूर आलात ते काय पाणी बघायला?"

यमूची शीळ पाण्यावरून गेली. वर चढली आणि अधांतरी थांबली. थोड्या वेळाने मागचे दार उघडले. नऊवारीत हरवून गेलेली एक मुलगी पितळेची घागर घेऊन पायऱ्यांवर आली. खाली बसली. भरलेली घागर ओतून पुन्हा भरली. पुन्हा ओतली. ओहोटी लागून पाणी तुटू लागले तसा पोशाने मचवा वळवला, तोवर ती घागर घाशीत होती.

दुसऱ्याच दिवशी दादासाहेबांचा माणूस ठाण्यास आला. वचनभंग झाला, असा निरोप.

तात्या म्हणाले, "दादासाहेबांना सांगा, गाव कल्याणचे, खाडी सरकारची. नकाशा कचेरीत आहे, कधीही येऊन पाहा. आणि सरकारला शीळ चालते. सरकार स्वतः घालते, ते मी या कानांनी ऐकले आहे."

यावर दादासाहेब काही करू शकले नाहीत. तेही शब्दाचे पक्के होते आणि हद्द त्यांनीच सांगितली होती.

मग तो परिपाठच झाला. भरती ज्या रविवारी सोयीची त्या रविवारी तात्या आणि वहिनी मिठाच्या गोण्यांवर. वेळ आपल्या हाती नसे, चंद्र ठरवी. यमूने ते गणित बसवले. सासूजवळ बसून ती रोज पंचांगातली तिथी विचारी. सासू शेजारणींना सांगे, "आमची सून धर्माची मोठी." सुनेला भरतीची वेळ हवी असे.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ते सासरी झाले. मुलगा झाला हे तात्यांना खाडीत कळले. यमूने गाठोडे वर उचलून दाखवले. त्यानंतर रिवाजाप्रमाणे लेकीच्या घरचे अन्नपाणी घेण्यास आई-बाप मोकळे होते, आणि दादासाहेबांनी बोलावलेही. तात्या बारशाला गेले, मुकाट्याने जेवले, परत आले. म्हणाले, "त्या घरी मी पाहुणा असतो. बाप खाडीत असतो."

वर्षे गेली. तात्या पेन्शनीत आले. मग ज्याची त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली तेच झाले. पुढचे दात हलू लागले आणि एका पावसाळ्यात पडले. मीठ आणि बाभळीची काडी यांचा उपाय वयापुढे चालला नाही. एका सकाळी मी संध्येला बसलो, पाणी हातात घेतले, आणि भिंतीपलीकडून नुसता वारा फुंकल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग थांबला.

ही बातमी कल्याणास कोणी पोहोचवली, माहीत नाही. दादासाहेबांचा निरोप आला, आणि तो सौजन्याचा होता. "आता ते घर निःशब्द झाले असे ऐकतो. दिवाळीला सूनबाईला पाठवतो."

वहिनींनी निरोप ऐकून देवापुढे साखर ठेवली. तात्या मात्र उठून येरझारा घालू लागले. "दातांनी माघार घेतली, मी नाही," ते मला म्हणाले. बोबडे झालेले ते शब्द ऐकून हसू यावे, पण मला आले नाही. "बळवंतराव, त्यांनी असे समजावे की मी थांबलो, हे मला चालणार नाही. मुलगी तशी यायला नको."

"मग काय करणार?"

"रविवार आहे. भरती चांगली आहे. तुम्हीही चला."

अशा रीतीने मी एकदाच त्या मचव्यात बसलो. पोशा म्हातारा झाला होता. सुकाणू त्याच्याच हाती होते. उन्हे उतरत होती. दादासाहेब मागच्या ओटीवर माळ ओढीत बसलेले दुरून दिसले. पायऱ्यांवर यमू होती, आता भरल्या अंगाची, कपाळाला आडवे कुंकू, भोवती मुले. तिथी तिने पाहिलेली होती.

पोशाने शीड उतरवले. तात्या उभे राहिले. मचवा हलत होता, मी त्यांचे उपरणे धरले. त्यांनी ओठ आवळले आणि फुंकले. हवा गेली. मला दोन हातांवर ऐकू आले नाही, काठावर काय जाणार. त्यांनी पुन्हा फुंकले. गालांचे खळगे झाले, मानेच्या शिरा ताठल्या.

"बसा आता," वहिनी हलकेच म्हणाल्या. "दिसलात तिला. पुरे."

ते बसले नाहीत.

पायऱ्यांवर यमूने घागर खाली ठेवली. उभी राहिली. एका प्रतिष्ठित घरची सून, मुलांची आई, सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या तिने ओठ आवळले. आणि तिची शीळ पाण्यावरून आली. वर चढली, अधांतरी थांबली. सूर एकही चुकला नाही. ती कोठे शिकली, किती दिवस घागरीत तोंड घालून तिने तालीम केली असेल, हे मी कधी विचारले नाही.

मुलांनी माना वळवल्या. शेजारच्या घाटावरची धुणी थांबली. मी दादासाहेबांकडे पाहिले. त्यांचा हात माळेवर होता. तो थांबला. शीळ संपली, पलीकडच्या तीरावर विरली. मग एक मणी सरकला, आणि त्यामागून दुसरा. त्यांनी मान वर केली नाही.

तात्यांनी तोंडाभोवती हात धरले. बोळक्या तोंडाने, पण सगळ्या खाडीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "दादासाहेब, शीळ तुमच्याच घरात वाजते आहे. आता सुनेला ठेवता कोठे?"

पोशा खदखदून हसला.  त्या दिवाळीला यमू ठाण्यास आली, मुलांना घेऊन, कोणत्याही अटीवाचून. पुढच्या थंडीत तात्या गेले.

ते मला आठवतात ते त्या मचव्यात. ओहोटी लागून मचवा वळला होता, घर मागे पडत होते. बसा म्हणून वहिनी उपरणे ओढीत होत्या. ते मिठाच्या गोणीवर पाय रोवून मागे तोंड करून उभेच होते, ओठ आवळलेले, फुंकीत, आणि त्यातून काहीही निघत नव्हते.